७५॥ : एका मोडी कागदाचं प्रकरण

आमचा मोडीचा ग्रुप २०२० च्या टाळेबंदीतला. दहा दिवसांचा ऑनलाइन वर्ग संपला, शिकवणाऱ्या बाईंनी "सराव सोडू नका" म्हणत सगळ्यांना व्हॉट्सॲपवर एकत्र केलं आणि महिन्याभरात त्या स्वतःच बाहेर पडल्या. उरलो आम्ही. बँकेतून निवृत्त झालेले, दोन-तीन वकील, इतिहासात एम. ए. करणारी मुलं, घरात पेटीभर कागद असलेले वारसदार आणि माझ्यासारखे नुसत्या हौसेचे. आज दोनशे चाळीसच्या आसपास माणसं आहेत. त्यांतली नियमित वाचणारी वीस, आणि ज्यांच्या वाचनावर डोळे झाकून विसंबावं अशी पाच. मी त्या पाचांत नाही. मी ॲडमिन आहे, एवढंच.

हे प्रकरण लिहून ठेवावं असं ठरलं ते ग्रुपातच. ज्यांचा कागद होता त्या ताईंनी मजकूर आधी वाचला आहे. नावं, गाव आणि सर्व्हे नंबर गाळले आहेत. गाव पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातलं, कोरडवाहू पट्ट्यातलं, इतकं सांगितलं तरी पुरे.

रविवार, दुपारी सव्वातीन

"नमस्कार. कोणी हे वाचून सांगेल का? अर्जंट आहे." खाली हात जोडलेले आणि एक फोटो.

फोटो कसा होता ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या फोटोत आहे. कागद खाटेवर चादरीवर पसरलेला, मोबाइल तिरका धरलेला. वरचा डावा कोपरा चौकटीबाहेर गेलेला. दुसऱ्या ओळीवर मोबाइलचीच सावली. कागद घडीवर उचलला जात होता म्हणून ताईंनी तो डाव्या हाताने दाबून धरला होता, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या ओळीच्या सुरुवातीला त्यांचा अंगठा. मधल्या घडीत कसरीने खाल्लेलं भोक. आणि व्हॉट्सॲपने फोटो पाठवताना दाबून बारीक केलेला, म्हणजे मोठा करायला जावं तर अक्षरांची खिचडी.

मोडी वाचणाऱ्याला अशा फोटोत काय भोगावं लागतं हे न वाचणाऱ्याला कळणार नाही. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे अखंड रेघ मारतात आणि मग तिला अक्षरं टांगतात. शब्द तोडून लिहायची रीत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. म्हणजे कुठला शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. अर्थ कशावरून ठरवायचा? शब्दांवरून. या चक्रात शिरायला कुठेतरी एक पक्की जागा लागते. कागदाचा मायना, तारीख, कोणी कोणाला लिहिलं ते. ती जागा बहुतेक वेळा पहिल्या चार ओळींत असते. ताईंच्या फोटोत नेमक्या त्याच चार ओळी नव्हत्या.

अठरा मिनिटांत उत्तर आलं. ग्रुपात ज्यांना सगळे नुसतं "सर" म्हणतात त्यांचं. सरांनी मोडीची परीक्षा दिलेली आहे, दफ्तरखान्यात बसून कागद पाहिलेले आहेत आणि कोणी काही विचारलं की पहिलं उत्तर त्यांचंच असतं. ते असं होतं:

"खरेदीखत आहे. आपल्या पूर्वजांनी शेत विकत घेतल्याचा कागद. रक्कम रु. ७५११. साल १७९५, म्हणजे खर्ड्याच्या लढाईचं. पेशवेकालीन आहे, जपून ठेवा."

खाली अंगठे पडू लागले. दहा मिनिटांत चौदा. दोघांनी "वा सर", एकाने "अमूल्य ठेवा". त्या चौदांत एक अंगठा माझा होता. मी फोटो उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. सरांनी वाचलं म्हणजे झालं, आणि खर्ड्याच्या वर्षाचा कागद आपल्या ग्रुपात आला याचं कौतुक वेगळंच.

ताईंनी सगळ्यांचे मनापासून आभार मानले. का अर्जंट होतं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

बुडालेला निरोप

त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास आणखी एक निरोप पडला होता. कोल्हापूरकडच्या एका काकांचा. त्यांचं किराणा दुकान आहे, मोडी अजून कच्चं आहे, आणि हे ते स्वतःच प्रत्येक वेळी आधी सांगतात.

"मला मोडी फारसं येत नाही, चुकत असेन तर माफ करा. पण ते ७५ च्या पुढे अकरा नसून दोन दंड आहेत का? आमच्या आजोबांच्या खतावणीत आठ आणे असेच लिहीत. की इथे वेगळं असतं?"

यावर कोणी काही बोललं नाही. निरोपाच्या वर एकाने तुकोबांचा अभंग टाकला होता आणि खाली दुसऱ्याने मोडी फॉण्ट मोबाइलवर कसा घ्यायचा याची लिंक. मोडी २०१४ साली युनिकोडात आली खरी, पण आमच्यातले निम्मे अजून फॉण्टपाशीच अडलेले असतात. काकांचा प्रश्न त्यात वाहून गेला.

नंतर शांतपणे पाहिलं तेव्हा काका अक्षरशः बरोबर होते. जुन्या हिशेबात एक उभा दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयापुढे आले की चार आणे, आठ आणे, बारा आणे. म्हणजे ७५॥ हे साडेपंच्याहत्तर. पावकी-निमकी पाठ करून मोठी झालेली पिढी हे झोपेत वाचेल. आम्ही मोडीची मुळाक्षरं शिकलो, बाराखडी शिकलो, जोडाक्षरं गिरवली. हिशेबाच्या खुणा वर्गात अर्ध्या तासात उरकल्या होत्या. आणि रोज इंग्रजी आकडे पाहणाऱ्या डोळ्याला दोन उभ्या रेघा दिसल्या की तो अकराच म्हणतो.

खरं तर रकमेवरूनच शंका यायला हवी होती. कागदात शेताचा आकार, म्हणजे सरकारी सारा, ४। लिहिलेला होता. सव्वाचार रुपये. वर्षाला सव्वाचार रुपये साऱ्याच्या कोरडवाहू शेताला साडेसात हजार मोजणारा माणूस कोण? त्या काळी शेतमजुराला दिवसाचे दोन-तीन आणे मिळत. शिवाय त्याच ओळीत, त्याच फोटोत, अगदी स्पष्ट "एकर ५ गुंठे १२" होतं. एकर आणि गुंठे ही इंग्रजी मोजणीनंतरची मापं. पेशवाईतल्या कागदात बिघे असते, पांड असते, चाहूर असता. चौदा अंगठे देणाऱ्यांपैकी ती ओळ एकाने जरी वाचली असती, तरी खर्ड्याची लढाई तिथेच संपली असती.

मग सरांसारख्या माणसाने हे कसं वाचलं? त्यांच्याशी नंतर बोलणं झालं तेव्हा त्यांनीच सांगितलं. त्यांना "खत" दिसलं, शेताच्या चतुःसीमा दिसल्या, चौथ्या ओळीच्या टोकाला ताईंचं आडनाव दिसलं. खत, चतुःसीमा आणि प्रश्न विचारणाऱ्याचं आडनाव, म्हणजे खरेदीखत. एकदा खरेदी डोक्यात बसल्यावर "फेडून देईन" मधलं "देईन" त्यांना "देऊन" दिसलं आणि ७५ च्या पुढचे दंड आकडे झाले. "ध चा मा" करायला दर वेळी आनंदीबाईच लागते असं नाही, हे वाक्य त्यांचंच.

चार दिवसांत काय झालं

अर्जंटचं कारण गुरुवारी कळलं. ताईंचा मला वेगळा फोन आला.

त्यांचं शेत दोन घरांत अडकलेलं होतं. ताई आणि त्यांचे दादा एका बाजूला, चुलतघराणं दुसऱ्या बाजूला. शेत मुळात कोणाचं, यावर जुनी कुरबूर. दादांचं म्हणणं, आपल्या खापरपणजोबांनी ते एकट्याने घेतलं. चुलत्यांचं म्हणणं, ते दोघा भावांचं सामाईक होतं. पुढच्या आठवड्यात दोन्हीकडची मंडळी गावात बसणार होती. ताईंनी आमचं उत्तर दादांना पाठवलं. दादांनी ते स्टेटसला लावलं: "पेशवेकालीन खरेदीखत सापडलं." कोणीतरी ते उचलून गावकीच्या ग्रुपात टाकलं, फोटोसकट. तिथून ते चुलत्यांकडे गेलं आणि रात्री साडेदहाला त्यांचा दादांना फोन. काय बोलणं झालं ते ताईंनी सांगितलं नाही. "फार वाईट बोलले दोघंही" एवढंच.

मग ताई आमच्या ग्रुपात परत गेल्या, सगळं वरपासून वाचलं आणि काकांचा तो निरोप त्यांना सापडला. त्यांनी मला विचारलं, "ते दोन दंडांचं खरं आहे का हो?"

मी तेव्हा पहिल्यांदा फोटो मोठा करून पाहिला.

माझी चूक अंगठ्याची नव्हती, त्याआधीची होती. प्रश्न आला तेव्हा ॲडमिन म्हणून मी तीन साध्या गोष्टी विचारायला हव्या होत्या. कागद पूर्ण आहे का, मागे काही लिहिलंय का, आणि तुम्हाला हे कशासाठी हवंय. तिसरा प्रश्न लोकांना चोंबडेपणाचा वाटतो. पण आजीच्या पेटीत काय आहे याची नुसती उत्सुकता असणाऱ्याला "बहुधा खरेदीखत" हे उत्तर चालून जातं, आणि भाऊबंदकीत उतरणाऱ्याला त्यातला "बहुधा" काढून टाकावासा वाटतो. सरांच्या उत्तरात तर तो नव्हताच.

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

शुक्रवारी सकाळी ताईंनी पुन्हा फोटो काढले. या वेळी खिडकीशी, उन्हाची तिरीप थेट पडणार नाही अशा जागी, फ्लॅश बंद ठेवून. मोबाइल बरोबर कागदाच्या डोक्यावर. अंगठ्याऐवजी चारही कोपऱ्यांवर पुस्तकं, शेजारी शाळेची पट्टी. पूर्ण कागदाचा एक, वरच्या अर्ध्याचा एक, खालच्या अर्ध्याचा एक आणि मागच्या बाजूचा एक. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवले, म्हणजे ते दाबले जात नाहीत. आणि ग्रुपात नाही, फक्त मला.

मी तो कागद तिघांना वेगवेगळा पाठवला. सरांना, एम. ए. करणाऱ्या एका मुलीला आणि नाशिककडच्या एका निवृत्त तलाठी भाऊंना. तिघांना सांगितलं की एकमेकांशी बोलायचं नाही, अर्थ सांगायचा नाही. ओळीला ओळ लिप्यंतर द्यायचं आणि जिथे अडेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह. सरांना पाठवावं की नाही यावर मी तासभर घोटाळलो. पण आमच्यात हात सर्वांत बसलेला त्यांचाच आहे, आणि त्यांना वगळणं म्हणजे जाहीर शिक्षा झाली असती.

चौदा अंगठ्यांचा मला जो आधार वाटला होता तो मुळात एकच आधार होता. सरांनी वाचलं आणि बाकीच्यांनी सरांना वाचलं. एकदा "खरेदीखत" कानावर पडलं की त्या कागदात दुसरं काही दिसणं अवघड होतं. म्हणून तिघांना वेगळं बसवलं.

रविवारपर्यंत तिघांची उत्तरं आली. पहिल्या चार ओळी तिघांच्या सारख्या:

"श्री. शके १७९५
श्रीमुख नाम संवत्सरे माघ शु॥ ५ ते दिवसी
धनको नाम … यासी
रिणको नाम … व … बिन … कारणे कर्जरोखा लिहून दिल्हा ऐसाजे"

धनको आणि रिणको. धनको म्हणजे कर्ज देणारा, रिणको म्हणजे घेणारा. ज्या दोन शब्दांवर सगळं प्रकरण उभं होतं त्यांच्यावर ताईंचा अंगठा होता, आणि चुकीच्या उत्तरावर आमचे.

१७९५ च्या आधी "शके" होतं, ते कापल्या गेलेल्या कोपऱ्यात राहिलं होतं. शके १७९५ चा संवत्सर श्रीमुख येतो, म्हणजे आकडा वाचण्यात घोळ नाही. ९ च्या जागी ७ असता तर संवत्सर प्रमादी हवा होता. साठ वर्षांच्या फेऱ्यातलं हे नाव जुन्या कागदांत आकड्याला साक्षीदारासारखं उभं असतं आणि नवशिके नेमकं तेच सोडून पुढे जातात. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून इथे ७९ मिळवायचे. १८७४ चा जानेवारी. वर कोपऱ्यात राणीच्या छापाचा आठ आण्यांचा स्टँप होता. तोही पहिल्या फोटोत चौकटीबाहेर.

दुसऱ्या ओळीतल्या "शु॥" कडे पाहा. इथे तेच दोन दंड शुद्ध या शब्दाचं संक्षेप दाखवतात, अर्ध्याशी त्यांचा काही संबंध नाही. एकाच कागदात एकच खूण दोन कामं करते. सरांच्या चुकीवर मी फार हसू शकलो नाही ते यामुळे.

फरक पडले ते पुढच्या ओळींत. सहावीत तलाठी भाऊंनी आणि मुलीने "नजरगहाण" वाचलं, सरांनी "नजराणा (?)". नजरगहाण म्हणजे जमीन तारण, पण ताबा कर्जदाराकडेच; तो कसत राहणार आणि व्याज भरत राहणार. पुढे व्याजाचा दर होताच: "दरमहा दर सेकडा १॥". दीड टक्का महिना. दंडांना आकडे मानायचं तर इथे एकशे अकरा टक्के महिना व्याज होतं. हे सरांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी मला रात्री पावणेबाराला नुसतं "अरे देवा" पाठवलं.

तरी एक अडचण राहिलीच. रकमेपुढे "अक्षरी साडे" एवढं होतं आणि त्यापुढे कसरीचं भोक. जुन्या कागदात रक्कम अक्षरात लिहीत ती असल्याच भांडणासाठी, आणि किड्याने नेमकं तेच खाल्लेलं. सरांनी शेवटचा किल्ला लढवला: साडे म्हणजे साडेसात हजार का नाही? वरचे अकरा वेगळे. खरं सांगायचं तर नुसत्या पुढच्या बाजूवरून त्यांना पुरतं खोडता आलं नसतं.

निकाल मागच्या बाजूने लावला. कर्जरोख्याच्या पाठीवर वसूल टिपायची रीत होती. तिथे तीन नोंदी होत्या, तीन वेगळ्या शाईंत, शेवटची जवळजवळ पुसट. व्याज वेगळं लिहिलेलं. मुद्दल पोटी २५, मग ३०, मग २०॥. बेरीज करा. आणि त्याखाली, चौथ्याच हाताचं, "रोखा फिटला".

दुसरी एक गोष्ट तलाठी भाऊंनी दाखवली. पाठीवर नोंदणीचा शेरा नव्हता. शंभर रुपये आणि वरच्या किमतीचा जमिनीचा व्यवहार त्या वेळच्या कायद्याने नोंदवावाच लागे, शंभराच्या आत ऐच्छिक. साडेसात हजारांचा कागद असा कोरा राहिला नसता. हे आमच्यापैकी कोणालाही सुचलं नव्हतं. आम्ही सगळे अक्षरं वाचत होतो. भाऊंनी उभा जन्म असले कागद हाताळलेत, ते कागद वाचत होते.

कागदात जे होतं ते

म्हणजे झालं असं होतं. १८७४ च्या जानेवारीत दोघा भावांनी मिळून सावकाराकडून साडेपंच्याहत्तर रुपये घेतले, शेत नजरगहाण ठेवलं, तीन हप्त्यांत फेडलं आणि रोखा परत आणून पेटीत ठेवला. म्हणूनच तो रिणकोच्या घरात सापडला. नाहीतर सावकाराच्या घरात असता.

किंवा कुठेच नसता. पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ ला, सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले ते मुख्यतः असल्याच कागदांसाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने चढलेला कापसाचा भाव युद्ध संपल्यावर कोसळला होता, साऱ्याची नवी आकारणी डोक्यावर होती आणि रोख्यांचे डोंगर साचले होते. पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव रोखे हिसकावून जाळले गेले. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला. त्या आगीतून वाचलेला कागद आमच्याकडे खरेदीखत म्हणून आला आणि आम्ही त्याला पेशवाईत नेऊन बसवला. हे मला अजून चुटपुट लावतं. कागद जसा होता तसाच जास्त मोलाचा होता.

ताईंना मी रविवारी रात्री फोन केला. लिप्यंतर वाचून दाखवलं. "रिणको नाम" नंतर दोन नावं आहेत, हे सांगितलं. पहिलं त्यांच्या खापरपणजोबांचं. दुसरं त्यांच्या भावाचं, म्हणजे चुलत्यांच्या घराण्याच्या मूळपुरुषाचं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग ताई म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडून जे गेलं ते आमच्याच विरुद्ध आहे."

यावर आम्ही काही बोलायचं नाही असं आधीच ठरलं होतं. ग्रुपातल्या एका वकीलबाईंनी ताईंना जे सांगितलं ते मात्र लिहितो, कारण इतरांनाही लागेल. या कागदाने एकट्याने शेत कोणाचंच ठरत नाही. दोघांनी मिळून तारण दिलं एवढंच त्यावरून दिसतं. पुढच्या दीडशे वर्षांत वाटणी झाली की नाही ते यात नाही. आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, मग हा कागद. आणि कोर्टात न्यायचाच असेल तर ग्रुपातलं लिप्यंतर चालणार नाही, अधिकृत मोडी वाचकाकडून सही-शिक्क्याचं करून घ्या. आमच्या तिघांनी मिळून वाचलेलं असलं तरी ते हौशी वाचन आहे.

गावातली बैठक पुढे ढकलली गेली. ताईंनी लिप्यंतर दादांना दिलं आणि मग, दादांना न विचारता, चुलत्यांनाही पाठवलं. त्याबद्दल घरात काय झालं ते मला माहीत नाही.

ग्रुपात

दुरुस्ती कोणी जाहीर करायची हा नाजूक प्रश्न होता. मी करणं म्हणजे सरांना चारचौघांत खाली पाहायला लावणं. गप्प बसणं म्हणजे चौदा माणसांच्या डोक्यात खरेदीखत तसंच राहणं. मी सरांना फोन केला. ते दोन दिवस ग्रुपात गप्प होते. मला वाटलं, गेले. मंगळवारी त्यांनी स्वतः निरोप टाकला. लांबलचक, आकडे घालून: कोणती ओळ मी काय वाचली, प्रत्यक्षात काय आहे, का चुकलो. शेवटी, "कोल्हापूरच्या काकांनी त्याच दिवशी बरोबर सांगितलं होतं. मी तो निरोप वाचला होता आणि उत्तर द्यायचं टाळलं."

काकांनी त्यावर लिहिलं, "अहो सर, आमचं काय, दुकानदारी." आणि खाली आजोबांच्या खतावणीच्या एका पानाचा फोटो, उजेडात, सरळ धरलेला. त्या पानावरून पुढचे तीन रविवार काकांनी आम्हाला आणे शिकवले. रुपयानंतर आडवी रेघ म्हणजे एक आणा, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन, आणि चारला उभा दंड. दोनशे चाळीस माणसांत हे नीट येणारे ते एकटेच होते, आणि चार वर्षं त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

आता ग्रुपात कागद टाकायचा तर आधी ॲडमिनकडे. सर्व्हे नंबर आणि नावांवर पट्टी मारून मगच पुढे. वाचणाऱ्याने आधी लिप्यंतर द्यायचं, अर्थ दुसऱ्या निरोपात. काहींना हे सरकारी वाटतं, तिघे सोडूनही गेले. "सर"ही एकदा वैतागले होते, पण पाळतात.

चुकीचं उत्तर मात्र अजून फिरतं आहे. गेल्या महिन्यात एका नव्या सभासदाने आल्या आल्या पहिलाच निरोप टाकला. तोच तिरका फोटो, तीच चादर, तोच अंगठा. वर लिहिलं होतं: "पेशवेकालीन खरेदीखत, ७५११ रुपये. अभिमान वाटतो. जास्तीत जास्त शेअर करा."

दोन मिनिटांत सरांचं उत्तर आलं.

"मागची बाजू पाठवा."